वसंतांतील मोहोळ आणि पावसाळ्याची बेगमी

फाल्गुन सरत येतो, दुपारच्या उन्हाला धार चढते, आणि पुण्यांतील एखाद्या जुन्या वाड्याच्या परसांत, सकाळीं जेथें कांहीं नव्हतें तेथें, आंब्याच्या खालच्या फांदीवर एक तपकिरी घोस लोंबूं लागलेला दिसतो. हातभर लांब, दुधीभोपळ्यासारखा फुगीर, आणि अंगभर सारखा सळसळणारा. घरांत एकच धांदल उडते. मुलांना आंत कोंडलें जातें, खिडक्या धडाधड लागतात, आणि कोणी तरी शहाणा सुचवितो, ‘काठीला चिंध्या बांधा, रॉकेल ओता आणि द्या पेटवून.’ पुष्कळदां तसें होतेंहि. अर्ध्या घटकेंत फांदीखालीं जळक्या माशांचा सडा पडतो, तो केरसुणीनें लोटला जातो, आणि घर निर्धास्त होतें.

त्या घरांतील मंडळींना हें ठाऊक नसतें कीं, जो घोस त्यांनीं जाळला तो डसावयास आलेला नव्हता. तें एक कुटुंब होतें. आपलें भरलें घर, धान्यानें भरलेल्या कोठारासकट, लेकीच्या स्वाधीन करून तें नव्या जागेच्या शोधांत वाटेंत घटकाभर टेकलें होतें. मनुष्यांत लेक सासरीं जाते आणि आई घरीं राहते. मधमाशांत रीत उलटी आहे. तेथें लेक घरीं राहते आणि म्हातारी आई निम्मीं माणसें बरोबर घेऊन बाहेर पडते. हें बाहेर पडणें वसंतांतच कां घडतें, मागें राहिलेल्या घराचें काय होतें, आणि या सगळ्यांत मध काढणाऱ्या मनुष्याचा वाटा किती, हें समजून घेण्याजोगें आहे.

प्रथम माशांची ओळख. महाराष्ट्रांत पोळें करणाऱ्या ज्या माशा सर्वांच्या परिचयाच्या आहेत त्यांत आग्या ही सर्वांत मोठी व सर्वांत तापट. उंच झाडाला, कड्याला किंवा मोठ्या इमारतीच्या सज्जाखालीं ती एकच एक विस्तीर्ण पोळें उघड्यावर लटकविते. तिच्या वाटेला न जाणें हेंच बरें. फुलोरी ही त्या मानानें अगदीं चिमुकली. झुडुपाच्या डहाळीला तळहाताएवढें पोळें करून राहते. या दोघींनाहि पेटींत कोंडून पाळतां येत नाहीं, कारण दोघींना उघडी हवा हवी. तिसरी सातेरी. ही झाडाच्या ढोलींत, खडकाच्या कपारींत, जुन्या भिंतीच्या पोकळींत अंधार पाहून राहते, आणि एकाशेजारीं एक अशीं समांतर अनेक पोळीं बांधते. अंधाऱ्या पोकळींत राहण्याची हीच संवय मनुष्याच्या पथ्यावर पडली. ढोलीऐवजीं लांकडी पेटी दिली तर सातेरी ती पसंत करते. म्हणून भारताची पाळीव मधमाशी म्हणावयाची तर ती हीच. पुढें जें सांगावयाचें आहे तें सातेरीविषयीं आहे.

सातेरीच्या एका मोहोळांत राणी एकच असते. तिच्याभोंवतीं कांहीं हजारांपासून वीस-एक हजारांपर्यंत कामकरी माशा, आणि ऋतु अनुकूल असेल तेव्हां कांहीं शें नर. राणी हें नांव जरा फसवें आहे. ती आज्ञा देत नाहीं, न्यायनिवाडा करीत नाहीं. ती अंडीं घालते, आणि आपल्या शरीराच्या गंधानें ‘मी आहें’ एवढी ग्वाही सर्वांना देत राहते. कामकरी माशा याहि सर्व माद्याच. मेणाचीं घरें बांधणें, तीं झाडणें, पिलांना भरविणें, दारावर पहारा देणें, आणि शेवटीं बाहेर जाऊन मकरंद, पराग व पाणी आणणें, हीं कामें त्या वयाच्या क्रमानें करीत जातात. भर हंगामांत एका कामकरीचें आयुष्य सुमारें सहा आठवड्यांचें. नरांना नांगी नाहीं व घरांत काम नाहीं; त्यांचा उपयोग एकच, आणि तोहि घराबाहेर.

आतां वसंत मोहोळांत काय घडवितो तें पाहावें. महाबळेश्वरच्या परिसरांतील जंगल उदाहरणादाखल घेऊं. तेथें माघ-फाल्गुनांत अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनीं मढून जातात. मागोमाग जांभूळ फुलतो, आणि एकदां जांभूळ फुलला म्हणजे सबंध डोंगर गुणगुणूं लागतो. पुढें हिरडा येतो, गेळा येतो. बाहेर पराग येऊं लागतांच आंत राणीचें अंडीं घालणें वाढतें, कारण पिलांचें पोषण परागावर होतें. येथें थोडें गणित करून पाहण्यासारखें आहे. राणीनें रोज पांचशें अंडीं घातलीं असें धरूं. अंड्यापासून पंख फुटलेली कामकरी बाहेर पडेपर्यंत सुमारें वीस दिवस लागतात. म्हणजे कोणत्याहि दिवशीं पोळ्यांतील दहा हजार घरें पिलांनीं अडलेलीं असणार. शिवाय बाहेरून मकरंद लोटत असतो, त्यालाहि घरें हवींत; परागालाहि हवींत. राणी रिकामें घर शोधीत फिरते आणि जेथें डोकावावें तेथें मध. ढोल कांहीं वाढत नाहीं. चाळींतल्या दोन खोल्यांत तीन बिऱ्हाडें राहूं लागावींत तसा प्रकार होतो.

या दाटींत राणीचा गंध सर्वांपर्यंत पुरेसा पोंचत नाहीं, आणि मोहोळाच्या मनांत वाटणीचा विचार येतो. (‘मन’ हा शब्द येथें सोयीसाठीं; शास्त्रज्ञ तो वापरूं देणार नाहींत.) पहिली खूण म्हणजे नरांचीं घरें. तीं थोडीं मोठीं, व सातेरीच्या बाबतींत त्यांच्या मेणाच्या टोपणाला मधोमध एक सूक्ष्म भोंक असतें, त्यावरून तीं ओळखतां येतात. दुसरी खूण अधिक निश्चित. पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखीं, तोंड खालीं असलेलीं मेणाचीं घरें लोंबूं लागतात. तीं नव्या राण्यांचीं.

राणीचें अंडें आणि कामकरीचें अंडें यांत मुळांत कांहींहि भेद नाहीं. दोन्ही फळलेलीं अंडीं. न फळलेल्या अंड्यापासून मात्र नर होतो. हा नराचा प्रकार झियेरझोन नांवाच्या सिलेशियांतील एका पाद्र्यानें १८४५ सालीं प्रथम मांडला, तेव्हां त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीना. राणी होणार कीं दासी होणार हें ठरतें तें अन्नानें. तरुण दाया आपल्या डोक्यांतील ग्रंथींतून एक पांढरट, आंबूस रस स्रवतात, त्याला राजान्न म्हणतात. कामकरी होणाऱ्या अळीला तें थोडे दिवस मिळतें, मग तिची बोळवण मध-परागाच्या खाद्यावर होते. राणी होणाऱ्या अळीला तें शेवटपर्यंत आणि अगदीं पोहत राहील इतकें मिळतें. तेवढ्यानें एक सहा आठवडे राबून मरते, आणि दुसरी कांहीं वर्षें जगून हजारोंची आई होते.

राण्यांच्या घरांवर टोपणें बसलीं कीं जुनी राणी मुक्काम हलविते. तत्पूर्वीं तिला कमी खाऊं घालून, धक्के देऊन कामकऱ्यांनीं उडण्याजोगी हलकी केलेली असते. स्वच्छ उन्हाचा दिवस पाहून दुपारच्या सुमारास सर्व मोहोळांत एकाएकीं खळबळ माजते. निघणारी प्रत्येक माशी कोठारांतून पोटभर मध भरून घेते, आणि दारांतून पाण्याचा लोंढा फुटावा तसा थवा बाहेर पडतो. थोडा वेळ आकाशांत गरगरून तो जवळच्याच फांदीवर राणीभोंवतीं गोळा होतो. परसांतील घोस तो हाच. पोट मधानें तट्ट भरलेलें, राखावयास घर नाहीं, पिलें नाहींत, कोठार नाहीं. अशा वेळीं मधमाशी जितकी शांत असते तितकी एरवीं कधीं नसते. तथापि आग्याचा थवाहि प्रवासांत असाच झाडावर विसावतो, आणि दोहोंतील भेद अनोळखी डोळ्याला दुरून कळत नाहीं. म्हणून धोंडा मारणें, धूर करणें, जवळ जाऊन न्याहाळणें, हें कोणींच करूं नये.

फांदीवर टेकलेल्या या मंडळींचें पुढें काय होतें, याची हकीकत मोठी सुरस आहे. १९४९ सालीं म्यूनिक शहरांत मार्टिन लिंडाउअर हा तरुण संशोधक असाच एक घोस पाहत उभा होता. घोसाच्या पृष्ठावर कांहीं माशा नाच करीत होत्या. त्याचे गुरु कार्ल फॉन फ्रिश यांनीं त्यापूर्वींच दाखवून दिलें होतें कीं, फुलांचा ठाव लागलेली माशी पोळ्यावर पोट हलवीत एका सरळ रेघेंत नाचते. त्या रेघेचा कल सूर्याच्या अनुरोधानें दिशा सांगतो आणि नाचाला लागणारा वेळ अंतर सांगतो. या शोधाबद्दल फ्रिश यांना १९७३ सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. परंतु लिंडाउअरला दिसलेल्या नर्तकींच्या अंगावर पराग नव्हता. कोणी काजळीनें काळ्या झाल्या होत्या, कोणी विटांच्या भुकटीनें तांबड्या. युद्धांत उद्ध्वस्त झालेल्या त्या शहरांत त्या फुलें नव्हे, तर धुराडीं आणि पडक्या भिंती पाहून आल्या होत्या. म्हणजे हा नाच घराचा पत्ता सांगणारा होता.

पुढील निरीक्षणांतून असें दिसून आलें कीं, थव्यांतील वयस्क व अनुभवी अशा कांहीं शें माशा जागा पाहावयास जातात. पोकळी पुरेशी मोठी आहे काय, दार लहान आहे काय, आंत कोरडें आहे काय, हें त्या चालून-उडून मापून पाहतात. जागा उत्तम असेल तर परत येऊन पुष्कळ वेळ नाचतात. बेताची असेल तर थोडक्यांत आटोपतें घेतात. नाच पाहून दुसऱ्या माशा स्वतः ती जागा तपासून येतात. ऐकीव गोष्टीवर त्या नाचत नाहींत, ही विशेष लक्षांत घेण्यासारखी गोष्ट आहे. हळूहळू एका जागेचा पक्ष वाढतो, दुसऱ्यांचा मावळतो, आणि त्या जागेवर एकाच वेळीं पुरेशा माशा जमल्या कीं निर्णय पक्का समजून सर्व थवा उठतो. यांत राणीला कोणीहि विचारीत नाहीं. हें सर्व कधीं दोन-चार तासांत, कधीं दोन-तीन दिवसांत संपतें. परसांतील घोस उद्यां आपणहून जाणार असतो, तो त्यामुळें.

मागें राहिलेल्या घरांतहि शांतता नसते. जी लेक प्रथम कोशांतून बाहेर येते ती बहुधा इतर राण्यांचीं घरें फोडून प्रतिस्पर्धिनींचा निकाल लावते. कांहीं दिवसांनीं ती ऊन पाहून उडते, उंच हवेंत अनेक नरांशीं तिचा संयोग होतो, आणि त्या थोड्याशा भराऱ्यांत मिळालेलें बीज ती जन्मभर पोटांतील कुपींत जपून वापरते. संयोग झालेला नर तेथेंच गतप्राण होतो. या भरारींत राणीला वेड्या राघूनें टिपलें, कीं त्या मोहोळाचा वंश संपला. कारण नवी राणी करावयास कोंवळी अळी आतां घरांत उरलेली नसते. सर्व सुखरूप पार पडलें तरी जुनी राणी गेल्यापासून नवीचीं अंडीं दिसेपर्यंत दोन-तीन आठवडे निघून जातात. आणि नेमके तेच आठवडे जांभळाच्या बहराचे असतात.

येथें मधपाळाच्या दुःखाला आरंभ होतो. निसर्गाच्या हिशेबानें एकाचीं दोन मोहोळें झालीं, हा लाभ. मधपाळाच्या हिशेबानें ऐन सुगींत निम्मे मजूर पळाले, जातांना शिदोरी घेऊन गेले, आणि उरलेल्या घरांत पाळणा हलत नाहीं. म्हणून चांगला मधपाळ वसंताच्या तोंडावर दर आठवड्याला पेटी उघडून पाहतो. पेटी उघडून पाहतां येते, हेंहि एका पाद्र्याचेंच देणें. माशा ये-जा करण्यासाठीं पोळ्यांच्या आजूबाजूला सुमारें पाव ते तीन अष्टमांश इंचाची फट मोकळी सोडतात, ती त्या मेणानें बुजवीत नाहींत, ही गोष्ट १८५१ सालीं अमेरिकेंत लँगस्ट्रॉथ यांनीं हेरली, आणि त्या मापानें चौकटी टांगलेली पेटी तयार केली. त्यापूर्वीं मोहोळ पाहावयाचें म्हणजे मोडावयाचें. विसाव्या शतकाच्या आरंभीं दक्षिण भारतांत फादर न्यूटन यांनीं सातेरीच्या अंगाला बसेल अशी लहान पेटी बनविली व गांवकऱ्यांना ती वापरण्याचें शिक्षण दिलें. पेटीचे दोन मजले असतात: खालीं पिलांचा कोठा, वर मधाचा कोठा. हे दोन मजले ध्यानांत ठेवावे. पुढील सगळा न्याय त्यांच्यावर आहे.

खालच्या चौकटींच्या कडेला राण्यांचीं घरें दिसलीं कीं अडाणी मधपाळ तीं नखानें खुडून टाकतो आणि काम झालें असें समजतो. आठवड्यानें पुन्हां तितकींच तयार! एखादें कोपऱ्यांतलें नजरेंतून सुटलें कीं संपलें. दाटी हें कारण आहे, शेंगा हें लक्षण आहे. कारण तसेंच ठेवून लक्षण खुडीत बसणें म्हणजे ताप उतरावा म्हणून तापमापक फोडण्यासारखें. जाणता मधपाळ बहर येण्याआधींच वरचा कोठा चढवून जागा करून देतो. तरीहि मोहोळ हटास पेटलें, तर मग तो त्याच्याशीं भांडत नाहीं. स्वतःच वाटणी करून देतो. पिलांच्या निम्म्या चौकटी, त्यांवरच्या माशांसह, दुसऱ्या पेटींत. एकींत जुनी राणी, दुसरींत राणीचें एक उत्तम घर. माशांची हौस फिटते, आणि मधपाळाच्या दोन पेट्या होतात.

बहर चांगला लागला कीं वरचा कोठा भरूं लागतो. फुलांतील मकरंद म्हणजे बहुतांशीं पाणीच. माशा तो एकमेकींच्या तोंडांत देत-घेत त्यांत आपले पाचक रस मिसळतात, घरांत पातळ पसरवितात, आणि रात्रभर पंखांनीं वारा घालून आटवितात. पाणी शेंकडा वीसच्या आसपास आलें कीं घरावर मेणाचें टोपण बसतें. मधाला पक्का झाल्याची ही मोहोर. टोपण न बसलेला मध काढला तर तो पुढें आंबतो. पूर्वीं पोळेंच्या पोळें कापून फडक्यांत पिळीत. त्यांत मधाबरोबर पिलें व परागहि चिरडले जात, आणि माशांना सर्व मेण नव्यानें करावें लागे. मेण स्वस्त नाहीं. एक भाग मेण करावयास माशा त्याच्या कित्येक पट मध खातात. १८६५ सालीं हृश्का नांवाच्या गृहस्थानें चौकट पिंपांत गरगर फिरवून मध उडविण्याचें यंत्र काढलें, तेव्हांपासून पोळें न मोडतां मध निघूं लागला व रिकामें पोळें परत पेटींत ठेवतां येऊं लागलें.

आतां मुख्य प्रश्न. हा मध कोणाचा?

मधमाशापालनाचीं इंग्रजी पुस्तकें वाचलेला गृहस्थ उत्तर देतो कीं, माशा हिंवाळ्यासाठीं मध सांठवितात. थंडीपुरता ठेवावा, बाकीचा घ्यावा. यूरोपांत तें बरोबर आहे. तेथें चार-पांच महिने फूल दिसत नाहीं, आणि वसंत म्हणजे उपासाचा शेवट. परंतु सह्याद्रीवर थंडींत फुलें असतात, माशा हिंडतात. तेथल्या माशीचा हिंवाळा म्हणजे पावसाळा. महाबळेश्वरास वर्षाला दोनशें इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. दिवसचे दिवस धुकें हटत नाहीं, माशीला दाराबाहेर पडतां येत नाहीं, पडली तरी फुलांतला मकरंद धुऊन गेलेला. म्हणजे तेथें वसंत हा उपासाचा शेवट नसून उपासापूर्वींची सुगी आहे. चैत्र-वैशाखांत जें कोठारांत पडलें, त्यावरच भाद्रपदापर्यंत घर चालावयाचें. घरोघरच्या गृहिणी वैशाखांत पापड-कुरडया, सांडगे वाळवून डबे भरतात, तो माशांचाहि उद्योग. फरक इतकाच कीं, गृहिणीचे डबे कोणी उचलून नेत नाहीं.

मे महिन्याच्या अखेरीस लोभी हात वरच्या कोठ्यावर थांबत नाहीं. खालच्या कोठ्यांतील पोळ्यांच्या माथ्यावर, पिलांच्या वर कमानीसारखा जो मधाचा पट्टा असतो, तोहि तो उतरवून घेतो. त्या दिवशीं कांहींच बिघडलेलें दिसत नाहीं. माशा उडत असतात, मधपाळाच्या बरण्या भरलेल्या असतात. पाऊस लागल्यावर कोणी पेटीकडे फिरकत नाहीं. आंत मात्र आषाढांत राणीचें अंडीं घालणें थांबतें. मग कामकरी पिलांना भरविणें सोडतात, कांहींना खाऊन टाकतात. माशा कमी होतात, पोळ्याच्या कडा उघड्या पडतात, तेथें मेणकिड्याचा पतंग शिरून अंडीं घालतो, आणि त्याच्या अळ्या मेणांतून जाळीं विणीत सुटतात. पावसानें जरा उघडीप दिली, कीं उरलेलें मोहोळ राणीसकट निघून जातें. उपाशी सातेरी घर सोडते, ही तिच्या जातीची खोड, असें पुष्कळ मधपाळ तक्रारीच्या सुरांत सांगतात. खोड खरी, परंतु तिला ती लावितो कोण? हा थवा वसंतांतल्या थव्यासारखा नव्हे. त्याच्या पोटांत मध नसतो, पुढें फुलें नसतात.

यावर जो नियम अनुभवी लोक पाळतात तो अगदीं साधा आहे: वरचा कोठा मनुष्याचा, खालचा माशांचा. खालच्या कोठ्याला कितीहि मोह झाला तरी हात लावावयाचा नाहीं. आणि शेवटचा बहर ओसरत आला असेल तर वरच्यांतलेंहि थोडें ठेवावयाचें. कोणी म्हणतात, मध सगळा घ्यावा व पावसाळ्यांत साखरेचा पाक घालावा. साखर स्वस्त, मध महाग. व्यापाराच्या दृष्टीनें हा युक्तिवाद बिनतोड आहे. साखर आणि पाणी समभाग घेऊन केलेला पाक दुष्काळांत माशांना तारतो, यांत शंका नाहीं, आणि अडल्या वेळीं तो द्यावाच. पण पाकानें भूक भागते, पिलें वाढत नाहींत. त्यांना पराग लागतो. शिवाय धो धो पावसांत डोंगरावरच्या प्रत्येक पेटीपाशीं दर चार दिवसांनीं वाटी घेऊन जाणारा मधपाळ कागदावर जितका आढळतो तितका डोंगरावर आढळत नाहीं. कांहींजण पाऊस लागण्यापूर्वीं पेट्याच घाटाखालीं, पूर्वेच्या कमी पावसाच्या मुलखांत नेतात. तें पाकापेक्षां चांगलें, मात्र वाहनाचा खर्च परवडला पाहिजे.

शहरांतील गिऱ्हाईकाचाहि या हिशेबांत हात आहे. त्याला मध बारा महिने एकाच रंगाचा, एकाच चवीचा, पातळ आणि शक्य तितका स्वस्त हवा असतो. जांभळाच्या मधाला किंचित् तुरट-कडवट झांक असते. सात-आठ वर्षांनीं एकदां कारवी फुलते, त्या वर्षींचा मध आणखी निराळा. बरणींतला मध थंडींत थिजून रवाळ झाला, तर साखर घातली म्हणून ती परत केली जाते. मध थिजणें हा त्याचा स्वभाव आहे, लबाडीचा पुरावा नव्हे. कोंवट पाण्यांत बरणी ठेवली म्हणजे तो पूर्ववत् होतो.

सातेरीला जपण्याचें आणखी एक कारण आहे. १९६२ सालीं पंजाबांत यूरोपीय माशी यशस्वी रीतीनें आणली गेली. ती मध पुष्कळ देते, आणि उत्तरेंत तिचा प्रसार मोठा झाला. त्याच वर्षीं पुण्यास केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. पुढें १९९१-९२ च्या सुमारास ‘थाई सॅकब्रूड’ या विषाणूच्या साथीनें दक्षिणेंतील सातेरीच्या पेट्याच्या पेट्या ओस पाडल्या. या रोगांत अळी कोशापूर्वींच पाण्याच्या पिशवीसारखी होऊन मरते. ज्या मोहोळांनीं त्यांतून तग धरला त्यांचीच पुढची पिढी झाली. असा तग धरणारीं मोहोळें बहुधा जंगलांत आणि जुन्या भिंतींतच असतात, म्हणून त्यांतलें एकेक मोलाचें. २०२२ च्या मे महिन्यांत महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें गांव ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर झालें, तें तेथील घरोघरच्या मधपेट्यांमुळें. फळबागांना व कांद्याच्या बियाण्याच्या पिकाला माशांमुळें जो लाभ होतो तो मधाच्या किंमतीहून कितीतरी मोठा असतो. पण तो विषय स्वतंत्र आहे.

परसांत घोस उतरला तर गृहस्थांनीं काय करावें? मुलांना दूर ठेवावें आणि मधमाशा धरणाऱ्या माहितगाराला बोलवावें. तो आला नाहीं तर वाट पाहावी. माहितगार बहुधा संध्याकाळीं, माशा स्थिरावल्यावर येतो. फांदीखालीं टोपली किंवा पिशवी धरून एकच हिसका देतो. राणी आंत पडली कीं बाकीच्या आपोआप मागें येतात. रात्रीं तो त्यांना पेटींत घालतो, जुन्या मोहोळांतील पिलांची एक चौकट मधोमध देतो, म्हणजे पिलें सोडून नवी मंडळी सहसा पळत नाहींत. पुढें जांभूळ, हिरडा जें मिळेल त्यावर तीं पोळीं ओढतात. दोन महिन्यांत घर भरतें, क्वचित् वरच्या कोठ्यांतहि मध चढतो. पण त्या पहिल्या वर्षीं समंजस मधपाळ कांहीं घेत नाहीं.

मृगाच्या पहिल्या सरी येण्यापूर्वीं तो एकदां पेट्यांवरून फिरतो. त्या दिवशीं तो चौकटी बाहेर काढीत नाहीं. मागच्या बाजूला हात घालून प्रत्येक पेटी बोटभर उचलतो आणि वजनाचा अंदाज घेतो. हलकी लागली तर खडूनें तिच्यावर फुली करतो. तिला पाक द्यावयाचा. जड लागली तर दार दोन बोटांएवढें लहान करतो, छपरावर पत्रा टाकतो, वाऱ्यानें उडूं नये म्हणून त्यावर एक धोंडा ठेवतो, आणि पुढच्या पेटीकडे वळतो.